बेटांवरचा कस्तूर आणि त्याचं वर्गीकरण: नागपूरकर पक्षीनिरीक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान नागपूर आणि आसपासच्या पक्षीनिरीक्षकांसाठी आहे. त्यात विद्यार्थी, शिक्षक आणि गोरेवाड्याला सकाळी सहाला पोचणारे हौशी असे सगळेच आले. विषय आहे आग्नेय आशिया आणि प्रशांत महासागराच्या बेटांवर राहणारा कस्तूर, शास्त्रीय नाव टर्डस पोलिओसेफॅलस. त्याला मराठीत रुळलेलं नाव नाही, म्हणून इथे द्वीपकस्तूर म्हटलं आहे. स्पीशीजसाठी ‘जात’, सबस्पीशीजसाठी ‘उपजात’ आणि जीनससाठी ‘प्रजाती’ हे शब्द वापरले आहेत.

द्वीपकस्तूर म्हणजे नेमका कोणता पक्षी?

कस्तूर कुळातला, साधारण साळुंकीएवढा पक्षी. लांबी १७ ते २५ सेंटिमीटर. चोच आणि पाय पिवळे ते नारिंगी, डोळ्याभोवती पिवळं कडं. जमिनीवर उड्या मारत चालतो, थबकतो, पालापाचोळा उलटतो, पुन्हा दोन उड्या. किडे, गांडुळं, गोगलगायी आणि जंगली फळं खातो. घरटं वाटीसारखं असतं, शेवाळ आणि मुळ्यांचं. घाबरला की खडखडाट केल्यासारखा ‘चक-चक-चक’ आवाज काढत खाली झुडपात शिरतो.

पश्चिमेला सुमात्रा आणि ख्रिसमस बेट, तिथून जावा, बोर्निओ, फिलिपीन्स, सुलावेसी, न्यू गिनी, सॉलोमन बेटं, वानुआतू, फिजी आणि पूर्वेला सामोआ एवढा त्याचा पसारा आहे. मोठ्या बेटांवर तो उंच डोंगरांवरच राहतो, लहान बेटांवर मात्र अगदी किनाऱ्यापर्यंत उतरतो. या पसाऱ्यात सुमारे ५० उपजाती वर्णिलेल्या आहेत. जगात फार थोड्या पक्ष्यांच्या नावावर इतक्या उपजाती असतील.

पन्नास उपजाती म्हणजे पिसांच्या छटांचे बारीकसारीक फरक असतील ना?

नाही, आणि गंमत तिथेच आहे. फिजीतली दोनच बेटं घ्या. गाऊ बेटावरची हेडीस उपजात जवळजवळ सर्वांग काळी. कडावू बेटावरच्या रुफिसेप्स उपजातीच्या नराचं अंग काळं, पण डोकं लख्ख केशरी. एकाच देशातले हे दोन पक्षी शेजारी ठेवले तर नवखा माणूस त्यांना एका जातीचे म्हणणार नाही. सेराम बेटावरच्या डेनिन्गेरी उपजातीचं डोकं पांढरं आहे. ख्रिसमस बेटावरच्या पक्ष्याचं डोकं राखाडी आणि कुशी नारिंगी. सामोआ आणि न्यू गिनीतले पक्षी काळपट.

हे फरक नकाशावर क्रमाने बदलत जात नाहीत, हे लक्षात ठेवा. पश्चिमेकडून पूर्वेकडे डोकं हळूहळू फिकं होत गेलं, असं काही दिसत नाही. काळा पक्षी, शेजारी पांढऱ्या डोक्याचा, पुढे परत काळा, अशी उलटसुलट मांडणी आहे. त्यामुळे नुसत्या रंगावरून नातं जोडायला गेलात तर हमखास चुकाल. लांबच्या दोन बेटांवर काळेपणा स्वतंत्रपणे आलेला असू शकतो.

समुद्र ओलांडून इतका पसरला, मग इतका वेगळा कसा झाला?

पक्षीशास्त्रातलं हे जुनं कोडं आहे. अशा पक्ष्यांसाठी जॅरेड डायमंड आणि अर्न्स्ट मायर या शास्त्रज्ञांच्या लेखनात ‘महान जातिनिर्माते’ अशा अर्थाची संज्ञा आली. पक्षी वारंवार समुद्र ओलांडत राहिला असता तर रक्त मिसळत राहिलं असतं आणि सगळे सारखे दिसले असते. मुळीच ओलांडत नसता तर इतक्या बेटांवर पोचलाच नसता.

त्यातल्या त्यात पटणारा खुलासा असा: पसरण्याचा काळ आणि स्थिरावण्याचा काळ वेगवेगळे होते. जीनोमवरच्या, म्हणजे संपूर्ण डीएनएवरच्या, अलीकडच्या अभ्यासांतून हा पसारा भूशास्त्रीय मापाने अगदी ताजा, प्लाइस्टोसीन म्हणजे हिमयुगांच्या काळातला दिसतो. हिमयुगांत थंड हवेची जंगलं डोंगरांवरून खाली उतरली होती आणि समुद्राची पातळीही खाली गेली होती, म्हणजे एका थंड जागेपासून दुसरीपर्यंतचं अंतर कमी होतं. हवा तापली तशी जंगलं वर सरकली आणि पक्षी आपापल्या शिखरावर अडकले. त्याचे जवळचे नातेवाईक थंड प्रदेशातले आहेत, हेही या चित्राशी जुळतं.

भारतात आहे का? निकोबारला तरी?

नाही. आपल्याला सर्वांत जवळ पडतो तो उत्तर सुमात्राच्या उंच डोंगरांवरचा. ग्रेट निकोबारचं दक्षिण टोक ते सुमात्रा हे अंतर सुमारे दीडशे किलोमीटर, म्हणजे नागपूर ते अमरावती एवढंच. तरी तो निकोबारला नाही. याचं सरळ कारण उंचीत सापडतं. सुमात्रात हा पक्षी उंच शिखरांजवळच्या थंड, खुज्या झाडीत राहतो आणि ग्रेट निकोबारचं सर्वांत उंच शिखर, माउंट थुलियर, ६४२ मीटर आहे. ‘लहान बेटांवर तर तो किनाऱ्यावरही राहतो ना?’ असं कुणी विचारेल. राहतो, पण पूर्वेकडच्या ज्या लहान बेटांवर राहतो तिथे जंगलाच्या जमिनीवर त्याला टक्कर देणारे पक्षी कमी आहेत. निकोबारला ती जागा दुसऱ्या एका कस्तुराने आधीच धरलेली आहे, त्याचीच माहिती पुढच्या उत्तरात.

नागपुरात दिसणाऱ्या कस्तुरांशी याचं नातं काय?

आपल्याकडचा मुख्य कस्तूर म्हणजे नारिंगी डोक्याचा कस्तूर, जिओकिक्ला सिट्रिना. कुळ तेच, प्रजाती वेगळी. गोरेवाडा, सेमिनरी हिल्सची झाडी, पेंच, बोर, नागझिरा अशा दाट सावलीच्या आणि ओलसर पाचोळ्याच्या जागी तो असतो. पावसाच्या तोंडावर त्याचं गाणं वाढतं आणि जून ते सप्टेंबर हा विणीचा काळ. घरटं वाटीसारखं, अंडी बहुधा ३ ते ४, ती उबवायला १३ ते १४ दिवस लागतात.

या पानाच्या विषयाशी तो थेट जोडलेला आहे, कारण त्यालाही बेटांवरच्या उपजाती आहेत: अंदमानात अंदमानेन्सिस, निकोबारात अल्बोगुलॅरिस. आपली द्वीपकल्पातली उपजात सायनोटा. तिचे गाल आणि गळा पांढरे, आणि डोळ्याच्या भागातून दोन गडद उभे पट्टे उतरतात. हिमालयातल्या सिट्रिना उपजातीचं डोकं सबंध नारिंगी, पट्टे नाहीत. ही हिमालयातली उपजात हिवाळ्यात दक्षिणेकडे उतरते. म्हणून हिवाळ्यात दिसलेल्या प्रत्येक पक्ष्याचे गाल पाहूनच नोंद करा, ‘नागपूर म्हणजे सायनोटाच’ असं गृहीत धरू नका.

टर्डस प्रजातीतले, म्हणजे द्वीपकस्तुराचे सख्खे भाऊबंद, आपल्याकडे दोन. हिवाळ्यात येणारा टिकेलचा कस्तूर आणि काळा कस्तूर, टर्डस सिमिलिमस. काळ्या कस्तुराची नायग्रोपिलियस उपजात पाहायची तर चिखलदऱ्याकडचे सातपुड्याचे डोंगर गाठा. नराचं अंग राखी-तपकिरी, डोक्यावर काळी टोपी, चोच आणि डोळ्याभोवतीचं कडं नारिंगी-पिवळं. तो नीट पाहिला की द्वीपकस्तुराचा चेहरा ओळखीचा वाटू लागतो.

शीळकरी कस्तूर आणि शैल कस्तूर त्याचे कोण?

नावापुरते कस्तूर. दोघेही आता माशीमार कुळात, मस्किकॅपिडीत, धरले जातात. दयाळही पूर्वी कस्तूर कुळात होता, तोही तिकडेच गेला. जुनी पुस्तकं वापरत असाल तर कुळांची विभागणी त्यांवरून उतरवून घेऊ नका. पक्ष्याचं वर्णन, सवयी, घरटं यासाठी तीच पुस्तकं आजही उत्तम आहेत.

शास्त्रीय नावात कधी कंस असतो, कधी नसतो. का?

शाळा-कॉलेजच्या प्रकल्पांत सर्वांत जास्त चुका इथेच होतात. नियम सोपा आहे. जातीचं पहिलं वर्णन ज्याने केलं त्याचं नाव आणि वर्ष पुढे लिहितात. मूळ वर्णनात पक्षी ज्या प्रजातीत ठेवला होता त्याच प्रजातीत आजही असेल तर कंस नाही. प्रजाती बदलली असेल तर नाव आणि वर्ष कंसात.

इंग्रज पक्षीशास्त्रज्ञ जॉन लॅथमने द्वीपकस्तूर आणि नारिंगी डोक्याचा कस्तूर या दोन्ही पक्ष्यांची वर्णनं केली. द्वीपकस्तुराला त्याने टर्डसमध्ये ठेवलं आणि तो आजही टर्डसमध्येच आहे, म्हणून टर्डस पोलिओसेफॅलस लॅथम, १८०१ असं कंसाविना लिहायचं. नारिंगी डोक्याच्या कस्तुरालाही त्याने टर्डस सिट्रिनस म्हटलं होतं. पुढे तो झूथेरा या प्रजातीत गेला आणि आता जिओकिक्लात आहे, म्हणून जिओकिक्ला सिट्रिना (लॅथम, १७९०). प्रजातीच्या नावाचं लिंग बदललं की जातीच्या नावाचा शेवटही बदलतो, सिट्रिनसचं सिट्रिना होतं ते त्यामुळे. काही याद्यांत सायनोटस आणि काहींत सायनोटा दिसतं, त्याचंही कारण हेच. दोन वेगळे पक्षी नाहीत ते.

तीन शब्दी नाव म्हणजे उपजात. तिसरा शब्द दुसऱ्यासारखाच असेल, जसं टर्डस पोलिओसेफॅलस पोलिओसेफॅलस, तर ती मूळ उपजात, म्हणजे जिच्यावरून जातीला नाव मिळालं ती. हे पुढे फार महत्त्वाचं ठरणार आहे.

जात की उपजात, हे ठरवतं कोण आणि कशावरून?

कुठलंही न्यायालय हे ठरवत नाही. अभ्यासक शोधनिबंधातून मांडणी करतात आणि जागतिक याद्या सांभाळणाऱ्या समित्या ती स्वीकारतात किंवा नाकारतात.

मायरची १९४२ ची व्याख्या सगळ्यांना पाठ असते: निसर्गात आपसांत प्रजनन करणाऱ्या आणि इतरांपासून प्रजननाने तुटलेल्या समूहाला जात म्हणायचं. एकाच जंगलात राहणाऱ्या दोन पक्ष्यांना ही कसोटी छान लागते. गाऊ आणि कडावूचे पक्षी मात्र एकमेकांना भेटतच नाहीत. भेटले असते तर जोडी जमली असती का, याचं उत्तर निसर्ग देत नाही. बेटांवरच्या पक्ष्यांचं वर्गीकरण अडतं ते इथे.

त्यावर एक व्यवहारी उपाय म्हणून २०१० मध्ये टोबायस आणि सहकाऱ्यांनी गुणांकनाची पद्धत मांडली. बर्डलाइफ या पक्षीसंवर्धन संस्थेच्या यादीने ती वापरली. प्रत्येक फरकाला तीव्रतेनुसार गुण: किरकोळ १, मध्यम २, मोठा ३, असाधारण ४. पिसारा आणि उघड्या अंगाच्या रंगाचे जास्तीत जास्त तीन फरक मोजायचे. मोजमापांतले दोन, आवाजातले दोन, वागणूक किंवा परिसरातला एक. बेरीज ७ झाली की स्वतंत्र जात मानायला हरकत नाही.

सरावासाठी एक काल्पनिक उदाहरण सोडवून पाहू. क्ष बेटावरचा नर पूर्ण काळा, य बेटावरच्याचं डोकं केशरी. मोठा फरक, ३ गुण. पोटाच्या रंगात मध्यम फरक, २. पंखाची लांबी किंचित वेगळी, १. बेरीज ६. आवाजाचं रेकॉर्डिंग नसेल तर गाडी इथेच थांबते. गाण्याची लय थोडी जरी वेगळी निघाली तरी ७ होतात. म्हणजे दूरच्या एखाद्या डोंगरावर कुणी दहा मिनिटं माइक धरला होता की नाही, यावर एखाद्या पक्ष्याचा दर्जा अडकून राहू शकतो. या पद्धतीवर टीकाही बरीच झाली. फरक ‘मोठा’ की ‘मध्यम’ हे शेवटी माणूसच ठरवतो, आणि ७ या आकड्यामागे निसर्गाचा नियम नाही. तरीही निर्णय कशावर घेतला हे कागदावर दिसतं, हा तिचा मोठा गुण आहे असं आमचं मत आहे.

डीएनए तपासला की वाद संपत नाही का?

वाद कमी होतो, संपत नाही. दुर्गम बेटांवरून ताजं रक्त मिळणं अवघड, आणि काही उपजाती तर उरल्याच नाहीत. म्हणून संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांच्या पायाच्या तळव्याची चामडी वापरतात. तिचा अगदी बारीक तुकडा पुरतो आणि तो काढल्याने नमुन्याचा पिसारा बिघडत नाही. अडचणी तीन. जुन्या डीएनएचे फार छोटे तुकडे झालेले असतात. हाताळणाऱ्या माणसांचा आणि इतर पक्ष्यांचा डीएनए त्यात मिसळतो, त्यामुळे वेगळी प्रयोगशाळा लागते. आणि लेबल चुकीचं असेल तर सगळंच चुकतं.

दुसरा सापळा माइटोकाँड्रियाचा. पेशीतल्या या छोट्या भागाला स्वतःचा डीएनए असतो आणि तो फक्त आईकडून येतो. पूर्वी कधी दोन समूहांत संकर झाला असेल तर माइटोकाँड्रिया एक नातं दाखवतं आणि केंद्रकातला डीएनए दुसरं. नुसत्या माइटोकाँड्रियावर बेतलेली जुनी वंशझाडं म्हणूनच जपून वाचावीत. शिवाय पसारा इतका ताजा असताना फांद्या एकमेकींना लागून फुटलेल्या असतात, त्यांचा क्रम लावणं पूर्ण जीनोम हाती असूनही कठीण जातं.

मग आज याला एक जात मानायचं की अनेक?

अनेक जाती मानण्याकडे कल स्पष्ट आहे. तैवानचा पक्षी आधीच वेगळा झाला: टर्डस निव्हिसेप्स. त्याच्या नराचं डोकं पांढरं, पोट तांबूस आणि मादी तपकिरी, म्हणजे नर-मादीत ठळक फरक. अलीकडच्या जीनोम अभ्यासांनंतर उरलेल्या समूहाचीही याद्यांमध्ये बेटसमूहांनुसार विभागणी होऊ लागली आहे. वेगवेगळ्या याद्या एक करण्यासाठी २०२५ मध्ये एव्हीलिस्ट ही संयुक्त यादी आली, तरी जुनी पुस्तकं, ॲप आणि संकेतस्थळं एका वेळी एकाच पानावर नसतात.

तुम्ही लिहिताना एवढंच करा: कोणती यादी आणि कोणत्या वर्षाची, हे नोंदवा. ‘द्वीपकस्तुराच्या ५० उपजाती’ हे वाक्य जुन्या, व्यापक अर्थाने बरोबर आहे. नव्या यादीचा हवाला देऊन तेच वाक्य लिहिलंत तर चूक.

यात नावांचा एक विलक्षण परिणाम आहे. पोलिओसेफॅलस हे नाव ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेच्या नॉरफोक बेटावरच्या पक्ष्याला दिलेलं. जात फुटली की जुनं नाव मूळ उपजातीकडेच राहतं, हा नामकरणाचा नियम. नॉरफोकचा पक्षी १९७० च्या दशकात नामशेष झाला. म्हणजे हजारो किलोमीटर पसरलेल्या जिवंत समूहाला दोनशे वर्षं ज्या नावाने ओळखलं, ते नाव काटेकोर अर्थाने संपलेल्या पक्ष्याचं आहे.

एखादी उपजात संपली तर जात टिकतेच ना? एवढी काळजी का?

याच प्रश्नासाठी हे पान लिहावंसं वाटलं.

द्वीपकस्तूर एक जात म्हणून मोजला तेव्हा जागतिक लाल यादीत तो ‘चिंता नाही’ या गटात बसला. पसारा प्रचंड, संख्या भरपूर, हिशोब बरोबर. पण तोवर नॉरफोकचा पक्षी गेलाही होता. जंगल तुटलं, काळे उंदीर आले. लॉर्ड हाउ बेटावरची व्हिनिटिंक्टस उपजात त्याआधीच गेली होती. जून १९१८ मध्ये मकांबो नावाचं जहाज तिथे खडकावर चढलं आणि दुरुस्तीच्या काळात त्यावरचे उंदीर किनाऱ्यावर उतरले. जमिनीलगत घरटी करणाऱ्या, उंदीर कधीच न पाहिलेल्या पक्ष्यांना काही वर्षांचाच अवधी मिळाला. या उंदरांमुळे त्या एका बेटावरचे पाच स्थानिक पक्षी संपले. न्यू कॅलेडोनियाजवळच्या मारे बेटावरची मॅरेन्सिस उपजातही उरली नाही.

यादीतली ओळ मात्र ‘चिंता नाही’ अशीच राहिली. निधी, सर्वेक्षण, कायद्याचं संरक्षण हे सगळं बहुतेक वेळा जातीच्या पातळीवर ठरतं. त्यामुळे वर्गीकरण हा संग्रहालयातल्या लोकांचा फावल्या वेळचा वाद नाही. ओळ कुठे आखली यावर एखाद्या बेटावर उंदीर मारण्याची मोहीम निघते की नाही हे अवलंबून असतं. लॉर्ड हाउवर अशी मोहीम २०१९ मध्ये झाली. त्या कस्तुरासाठी ती शंभर वर्षं उशिरा आली, पण बेटावरच्या इतर पक्ष्यांना तिचा उपयोग झाला.

ख्रिसमस बेटाचं नाव नेहमी वेगळं का घेतात?

कारण तिथली एरिथ्रोप्लुरस उपजात पाहायला सोपी आणि धोक्यातही. बेट सुमारे १३५ चौरस किलोमीटर, जावाच्या दक्षिणेला, कारभार ऑस्ट्रेलियाचा. तिथे हा पक्षी वस्तीतल्या बागांतही निर्धास्त फिरतो. धोका आहे पिवळ्या वेड्या मुंग्यांचा. बाहेरून आलेल्या या मुंग्या खवले कीटकांच्या गोड स्रावावर पोसल्या जातात, प्रचंड वसाहती करतात आणि बेटाचे प्रसिद्ध लाल खेकडे मारतात. खेकडे गेले की जंगलाच्या जमिनीवरचा पाचोळा आणि रोपं यांचं सगळं गणित बदलतं, आणि कस्तुराचं पोट त्याच जमिनीवर भरतं. मुंग्यांचं अन्न तोडण्यासाठी तिथे खवले कीटकांवर जगणारी एक सूक्ष्म गांधीलमाशी मलेशियातून आणून सोडली आहे.

नागपूरहून जाऊन पाहायचा असेल तर कुठे?

बोर्निओतला किनाबालू पर्वत सर्वांत भरवशाचा. टिंपोहोन फाटकापासून, सुमारे १८६६ मीटरपासून, चढायला सुरुवात होते आणि ३२७० मीटरच्या आसपासच्या लाबान राटा मुक्कामाजवळ सीबोह्मी उपजात माणसांच्या पायापाशी येते. परवाना आणि वाटाड्या सक्तीचे, जागा आधी राखून ठेवावी लागते. नागपूरच्या ३१० मीटरवरून जाणाऱ्याने एका दमात तीन हजारांवर चढू नये. पायथ्याच्या उद्यान कार्यालयाजवळ एक रात्र काढा, डोकेदुखीचं प्रमाण कमी राहतं आणि खालचे पक्षीही मिळतात. जावातल्या गेडे-पांगरांगो उद्यानात शिखराजवळ फ्युमिडस उपजात आहे, तिथली वाट वर्षातले काही महिने बंद असते, आधी चौकशी करा. फिजीत सुवा शहराजवळच्या कोलो-इ-सुवा वनउद्यानात तो आहे, पण सावलीत आणि लाजरा.

फोटोवरून उपजात ठरावी म्हणून काय काय टिपायचं?

ही पद्धत किनाबालूइतकीच गोरेवाड्यालाही लागू पडते. शिकावी ती इथेच, घरच्या कस्तुरावर.

आधी बाजूने पूर्ण पक्षी, चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत. मग डोकं: गाल, गळा, डोळ्याभोवतीचं कडं. मग समोरून छाती आणि पोट. शेवटी शेपटीखालची पिसं, जी बहुतेक जण विसरतात आणि ज्यांच्या रंगावरून कस्तुरांत पुष्कळ उलगडा होतो. पाय पाचोळ्यात लपतात, म्हणून पक्षी फांदीवर किंवा दगडावर येईपर्यंत थांबा. आवाज मोबाइलवर किमान तीस सेकंद सलग रेकॉर्ड करा आणि सुरुवातीला किंवा शेवटी तारीख, वेळ, जागा तोंडाने सांगा.

चुका कुठे होतात तेही पाहा. दाट सावलीत कॅमेरा रंग आपोआप उबदार करतो, राखाडी डोकं तपकिरी दिसतं. त्यासाठी रॉ स्वरूपात फोटो घ्या किंवा त्याच प्रकाशात पांढऱ्या कागदाचा एक फोटो काढून ठेवा. कस्तुरांच्या पिल्लांच्या छातीवर ठिपके असतात, ते पाहून लोक वेगळीच जात नोंदवतात. चोच फिकी, अंगावर ठिपके, तोंडाच्या कोपऱ्याला पिवळी कड दिसली तर आधी पिल्लू समजा. पिसं उन्हाने विटतात, म्हणून पीस झडण्याआधीचा पक्षी आणि नव्या पिसांचा पक्षी वेगळे वाटू शकतात. आणि एखाद्या पक्ष्यात रंगद्रव्य कमी असल्याने डोक्यावर पांढरी पिसं येतात. काळ्या कस्तुरात असा पक्षी दिसला तर तो पांढऱ्या डोक्याचा द्वीपकस्तूर नव्हे. दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, अशी पांढरी पिसं बहुधा दोन्हीकडे सारखी नसतात.

अजबबंगल्यातले पक्षी पाहून वर्गीकरण शिकता येईल का?

सुरुवात नक्की करता येईल. १८६३ मध्ये स्थापन झालेलं नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय पक्ष्यांचा आकार, चोचीची ठेवण, पायाची रचना जवळून पाहायला चांगलं आहे. मात्र प्रदर्शनातले पेंढा भरलेले पक्षी आणि अभ्यासाचे नमुने यांत फरक असतो. अभ्यासाचा नमुना पाठीवर निजवलेला, पंख मिटलेला, आणि पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर जागा, तारीख, लिंग, गोळा करणाऱ्याचं नाव. अशी मोठी मांडणी मुंबईच्या बीएनएचएसकडे (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) आहे. चिठ्ठी नसलेला नमुना कितीही देखणा असला तरी वर्गीकरणाला त्याचा उपयोग फारसा नाही.

आमच्या बागेत नारिंगी डोक्याचा कस्तूर यावा म्हणून काय करावं?

पाचोळा झाडू नका. बागेचा सावलीतला एक कोपरा, दोन-तीन मीटरचा का होईना, पानांनी झाकलेला राहू द्या. त्याच्याखाली गांडुळं आणि किडे राहतात आणि कस्तुराला हवं ते तेच. पाण्यासाठी उथळ मातीचं ताट, खोली तीन ते पाच सेंटिमीटर, मध्ये एक खडबडीत दगड, जागा झुडपाजवळ पण मांजर दबा धरू शकणार नाही इतकी मोकळी. पाणी रोज बदला, दर दोन-तीन दिवसांनी ताट घासा, नाहीतर डेंग्यूचे डास आणि पक्ष्यांचे आजार दोन्ही वाढतील. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा दुपारी पुन्हा एकदा भरा. उंबर, वड, पिंपळ आसपास असतील तर तोडू देऊ नका. कीटकनाशक फवारलेल्या बागेत हा पक्षी टिकत नाही.

हा पक्षी पाळता येतो का? जखमी सापडला तर?

आपल्या वन्य पक्ष्यांना पकडणं, विकणं, पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. जावा-बालीत याच नारिंगी डोक्याच्या कस्तुराला गायनस्पर्धांसाठी पिंजऱ्यात ठेवतात आणि त्या मागणीपायी तिथली जंगलं रिकामी झाली आहेत. इथे तशी विक्री दिसली तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

काचेवर आपटून पडलेला कस्तूर सापडला तर हवेसाठी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, खाली कापड घालून, अंधारात आणि शांत जागी ठेवा. चोचीत पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. तासाभराने खोकं बाहेर नेऊन उघडा. उडाला नाही, पंख लोंबत असेल किंवा रक्त दिसत असेल तर सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला न्या.

यादी बदलली की ईबर्डवरच्या माझ्या जुन्या नोंदींचं काय होतं?

ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरचं वर्गीकरण वर्षातून एकदा, बहुधा ऑक्टोबरच्या सुमारास, अद्ययावत होतं. जात फुटली आणि तुमच्या नोंदीच्या जागी नव्या जातींपैकी एकच शक्य असेल तर नोंद आपोआप त्या नावावर जाते. दोन शक्य असतील तर ‘ही किंवा ती’ अशा सामाईक नावाखाली राहते आणि ती तुम्हाला स्वतः दुरुस्त करावी लागते. तेव्हा कामी येतात ते फोटो आणि टिपणं. म्हणून नोंद करतानाच, गालावरचे पट्टे स्पष्ट दिसले असतील तर, नुसती जात न निवडता उपजात निवडा. तोच पक्षी जातीच्या ओळीतही मोजू नका, नाहीतर एकाचे दोन होतात. पट्टे दिसले नसतील तर जातीवरच थांबा आणि शेऱ्यात ‘गाल दिसले नाहीत’ असं लिहा. असा शेरा असलेली नोंद पुढच्या अभ्यासकाला अंदाजाने टाकलेल्या उपजातीपेक्षा जास्त उपयोगी पडते.